बारा सोप्या सूचनांची तपासणी

'सोपं' या शब्दावर माझा फार जुना संशय आहे. हा शब्द छापलेल्या कागदाने आजवर माझं कधी भलं केलेलं नाही. 'सोप्या रीतीने उघडा' असं लिहिलेल्या पाकिटाला मला शेवटी दात लावावे लागले, आणि त्यातला एक दात पाकिटाकडेच राहिला. 'सोपा अर्ज' नावाचा एक अर्ज मी एकदा भरला होता. तो सात पानांचा होता आणि आठव्या पानावर 'सोपे स्पष्टीकरण' होतं. त्यामुळे आमची मुलगी जेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, एक कागद पाठवलाय, त्यात अगदी सोप्या सूचना आहेत," तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो.

संशय घेणं हा माझा स्वभाव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तो माझा व्यवसाय होता. पस्तीस वर्षं मी वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होतो. लोकांच्या तराजूंवर, किलोंवर आणि लिटरांवर मी संशय घ्यायचा आणि सरकारने मला त्याबद्दल पगार द्यायचा, असा आमचा करार होता. निवृत्त झालो, पगार थांबला. संशय मी विनामोबदला चालू ठेवला आहे.

कागदावर मथळा होता : 'सुट्टीतलं घर हिरवं आणि निरोगी ठेवा. बारा सोप्या सूचना.' शेजारी एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. घरात एवढं सगळं करून कुणी हसू शकतं, यावरही माझा विश्वास नाही.

पण या कागदात माझी अब्रू गुंतली होती. गेल्या वर्षी वर्षअखेरच्या सुट्टीत मुलगी, जावई आणि आमची सहा वर्षांची नात दहा दिवसांसाठी आमच्याकडे आले. नातीला घरात सगळे 'बाईसाहेब' म्हणतात, कारण तिच्या संमतीशिवाय त्या घरात दूधसुद्धा तापत नाही. तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईसाहेबांना खोकला सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळी सामान बांधून जावयाच्या आईवडिलांकडे गेली, आणि तिथे पोचताक्षणी तो खोकला थांबला. जणू त्याला फक्त आमचाच पत्ता दिलेला होता. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "काळजी करू नका हं. पोर कशी मोकळी खेळतेय! आमच्याकडची हवाच वेगळी."

हे वाक्य मी माझ्या पद्धतीने जोखून पाहिलं. एक गुंजसुद्धा कमी भरलं नाही.

या वर्षी मुलीने अट घातली. "बाबा, दोन दिवस राहून बघू. खोकला आला नाही तर दहा दिवस नक्की. आला तर मात्र तिकडे जाऊ." मग हळूच म्हणाली, "आणि मग दरवर्षी तिकडेच. तिची शाळा बुडते हो, आजारपणात."

माझ्या शेजारी कान लावून ऐकणाऱ्या बायकोने फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि धुऊन पालथा घातलेला कप पुन्हा धुवायला लागली. धुतलेला कप धुणारी बाई मला पाहवत नाही. मी कपाटातून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'संशयितांची यादी.'

सूचना पहिली : घरात हवा खेळती ठेवा, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास खिडक्या उघडा. आमच्या दिवाणखान्याच्या खिडक्या मागच्या रंगकामात चौकटीसकट रंगवून निघाल्या होत्या. सुताराला बोलावलं. त्याने खिडकीवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "साहेब, ही खिडकी राहिली नाही आता. ही भिंत झालीय. काच फक्त मध्ये अडकलीय." दोन तास खटपट करून त्याने ती उघडली. उघडल्यावर कळलं, की ती आता मिटत नाही. सुतार म्हणाला, "तुम्हाला हवाच पाहिजे होती ना?"

मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. छापील माप हे नेहमी कमी असतं, हा माझा अनुभव आहे. अर्ध्या तासाने एवढा फायदा, तर दिवसभराने किती, असा साधा हिशेब करून मी उरलेल्या खिडक्याही सताड उघड्या ठेवल्या. घरात अशी थंडी शिरली की बायको स्वयंपाकघरात शेगडीशी बोलायला लागली. मी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि माझा मफलर काढला.

त्या मफलरविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. मुलगी आठवीत असताना शाळेत विणकाम होतं. त्यात तिने माझ्यासाठी हा मफलर विणला. रंग मोहरीचा. एका टोकाला तो वीतभर रुंद आहे आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत चांगला दीड वीत झालेला आहे. मधे कुठेतरी परीक्षा आली असावी. मापात बसवायचा म्हटला तर जप्तच करावा लागेल असा तो नग. पण पस्तीस वर्षांत नियमाबाहेरची अशी एकच वस्तू मी जवळ बाळगली. वर्षभर तो पेटीत असतो आणि सुट्टीत मुलगी यायच्या सुमाराला गळ्यात येतो. इतक्या वर्षांत एका किड्याने त्याला तोंड लावलेलं नाही. पेटीचा बंदोबस्त मी स्वतः करतो.

मफलर गुंडाळून बाहेर आलो तो समोरच्या दाराचे कंपाउंडर उभे. हे गृहस्थ कधीकाळी एका दवाखान्यात औषधांच्या बाटल्या भरत असत. डॉक्टर गेले, दवाखाना मिटला, पण कंपाउंडर अजून सगळ्या जिन्याला तपासतात. मला पाहून त्यांना तीन शिंका आल्या.

"खोकल्याचं कारण शोधताय म्हणे?" नाक पुसत ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"सुताराने. माझं ऐका, तुमच्या घरात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते नेमकं सांगता येत नाही. पण तुम्ही जवळ येऊन बोलायला लागलात की जाणवतं." असं म्हणून ते तीन पावलं मागे सरकले आणि तिथून म्हणाले, "गालिचा बघा. गालिच्यात हजार भानगडी असतात."

मी वहीत नोंद केली. संशयित एक : गालिचा. संशयित दोन : कंपाउंडर, शिंका, कारण अज्ञात.

गालिचा जिन्यातल्या मोकळ्या जागेत नेला. मग सूचना चारमध्ये जाड पडद्यांविषयी वाईट लिहिलेलं आढळलं, म्हणून पडदे नेले. पडदे गेल्यावर सोफा माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती मला आवडली नाही, म्हणून सोफा नेला. उशा, गाद्यांवरची जाजमं, मुलीच्या लहानपणीचं कापसाचं अस्वल, सगळे संशयित ओळीने जिन्यात. रिकाम्या घरात आम्ही दोघं दोन लाकडी खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. बोललो की आवाज घुमायचा.

"अहो, मुलं बसणार कशावर?"

"निरोगी माणसाला बसायला काही लागत नाही."

"नाही का? मग तुम्ही का बसलाय?" बायको म्हणाली आणि माझी खुर्चीही पुसून जिन्यात ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी जोडपं दारात. घर विकायला काढलंय असं ऐकलं, बघायचंय. मी त्यांना वाटेला लावणार, तेवढ्यात बायकोने त्यांना आत घेतलं. सगळ्या खोल्या दाखवल्या, ओट्याची उंची दाखवली, आणि म्हणाली, "हवा म्हणाल तर विचारू नका. आली की जातच नाही." जोडपं गेल्यावर मी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाली, "तीस वर्षांत या घराचं कौतुक करायला मला कुणी मिळालं नव्हतं."

पुढची सूचना रासायनिक फवारे आणि सुगंधी द्रव्यं टाळायची होती. त्याऐवजी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा. प्रमाण दिलेलं होतं 'थोडासा'. थोडासा! हे माप कोणत्या कायद्यात आहे? असल्या मापावर मी माणसं कोर्टात उभी केली आहेत. मी माझी पितळी मापं काढली आणि दोन्हींचं मिश्रण काटेकोर समसमान करून एका काचेच्या बाटलीत भरलं. बूच घट्ट बसवलं, कारण उघडं माप ठेवणं हा गुन्हा आहे.

बूच किती वेगाने गेलं ते मला सांगता येणार नाही. फक्त ते कुठे गेलं ते माहीत आहे. निरोप समारंभात काढलेला माझा फोटो भिंतीवर होता. त्यात मी हार घालून, गंभीर चेहऱ्याने, साहेबांच्या शेजारी उभा आहे. आता साहेब एकटेच आहेत. फरशीवर पसरलेला फेस बायकोने पुसला आणि म्हणाली, "फरशी मात्र लख्ख झाली हो." म्हणजे सूचना बरोबर होती. तेच माझ्या वर्मी लागलं.

आता पिंपाकडे येतो. 'ओल्या कचऱ्याचं घरच्या घरी खत करा' ही सूचना सातवी. त्यासाठी मी एक भोकांचं पिंप आणलं. बाल्कनीत ते मावेना म्हणून गच्चीवर न्यायला निघालो, तर इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरच आडवे आले. हे सेक्रेटरी सूचना लावण्यात इतके पटाईत आहेत की सूचनाफलकावर जागा नाही म्हणून फलकाशेजारी 'येथे सूचना लावू नयेत' अशीही एक सूचना त्यांनी लावलेली आहे.

"निरीक्षकसाहेब, गच्चीवर पिंप ठेवायला विभाग कार्यालयाचं पत्र लागतं."

"खताच्या पिंपाला?"

"पिंप ते पिंप. आत काय आहे ते आम्हाला काय माहीत?" असं म्हणून त्यांनी पिंपाच्या एका भोकाला डोळा लावला.

विभाग कार्यालयात माझ्यापुढे मोठी रांग होती. पण मी उभा राहिलो तशी पुढची माणसं मागे वळून बघायला लागली आणि एकेक करून 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत बाजूला झाली. वयाला अजून मान आहे, हे पाहून मला बरं वाटलं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज घेतला.

"पिंप कशासाठी?"

"खतासाठी."

"शेती किती?"

"शेती नाही. कुंडी आहे."

"किती कुंड्या?"

"एक."

त्याने पेन खाली ठेवलं. "एका कुंडीसाठी एवढं पिंप?" त्याच्या डोळ्यांत मला माझीच पस्तीस वर्षं दिसली. "शेजाऱ्यांची ना-हरकत लागेल. पिंपाचा फोटो लागेल, समोरून आणि बाजूने."

"पिंप गोल आहे. त्याला बाजू नसते."

"मग मागून काढा."

इथे मी माझं जुनं अस्त्र काढलं. खिडकीतून पुढे वाकलो, मफलरची दोन्ही टोकं त्याच्या टेबलावर टेकली, आणि मी त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. अर्ध्या मिनिटात त्याचे डोळे पाणावले. त्याने घाईघाईने शिक्का उचलला, दोन ठिकाणी मारला, कागद माझ्याकडे ढकलला आणि रुमाल तोंडाला लावून म्हणाला, "जा. जा तुम्ही." निवृत्त झालो तरी नजरेतली जरब गेलेली नाही, असं मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती.

पिंप गच्चीवर गेलं. सालं, देठं, वाळकी पानं, सगळं मी मापून घालत होतो. चौथ्या दिवशी सेक्रेटरी आणि कंपाउंडर दोघं दारात. सेक्रेटरींनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली : "आठ बाटल्या व्हिनेगर. एक पिंप. फळांच्या साली. घरातून स्फोटाचा आवाज. सगळं सामान बाहेर, खिडक्या दिवसभर उघड्या." मग चिठ्ठीची घडी घातली आणि आवाज उतरवून म्हणाले, "साहेब, दारू गाळताय का?"

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. मी त्या दोघांना गच्चीवर नेलं आणि पिंपाचं झाकण काढलं. सेक्रेटरींनी डोकं आत घातलं, चांगलं मानेपर्यंत.

"काय आहे?" कंपाउंडरांनी लांबून विचारलं.

"केळ्याच्या साली," आतून आवाज आला.

"आणि?"

"आणि केळ्याच्याच साली."

सेक्रेटरी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला आजही दाट संशय आहे की ते मला पकडायला नव्हे, गिऱ्हाईक म्हणून आले होते. जिना उतरताना ते आमच्या सोफ्यावर बसले, कंपाउंडर शेजारी बसले, आणि तिथेच त्यांनी संध्याकाळपर्यंत पेपर वाचला.

यादी पूर्ण होत आली होती. अकरा सूचनांपुढे मी बरोबरची खूण केली. बारावी होती : 'जुन्या वस्तूंना नवं रूप द्या.' कोणत्या वस्तू, कोणतं रूप, किती मुदतीत, काहीच खुलासा नव्हता. तिच्यापुढे मी 'संदिग्ध' असा शेरा मारला.

आणि मंडळी आली.

बाईसाहेब आता सात वर्षांच्या झाल्या होत्या. रिकाम्या दिवाणखान्यात पाऊल ठेवताच त्यांनी मोठ्याने 'ओ' म्हणून पाहिलं. घर घुमलं. त्यांनी आणखी सहा वेळा म्हणून पाहिलं आणि घर पसंत असल्याचं जाहीर केलं. जावई अंगात दोन स्वेटर घालून खिडकीपासून लांबची भिंत शोधत होता. मुलगी मात्र कोपरान्‌कोपरा बघत फिरली. "बाबा, हे सगळं तुम्ही केलंत?" तिने विचारलं. तिने माझ्या गळ्यातला मफलर पाहिला, हसली आणि पटकन दुसरीकडे बघायला लागली. मी दोन पावलं अंतर ठेवून वावरत होतो. तपासणी चालू असताना अधिकाऱ्याने लगट करू नये.

पहिला दिवस गेला. खोकला नाही. दुसरी सकाळ गेली. खोकला नाही. बायकोने एक कप एकदाच धुतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईसाहेब माझ्याकडे आल्या. "आजोबा, थंडी वाजतेय. मांडीवर घ्या आणि चोर पकडल्याची गोष्ट सांगा." दोन दिवसांचा संयम माझ्याच्याने आणखी पुढे गेला नाही. त्यांना मांडीवर घेतलं, मफलरचं रुंद टोक त्यांच्या खांद्यावरून ओढलं आणि एका वाण्याच्या पोकळ किलोची गोष्ट सुरू केली. वाणी रंगात आला होता, एवढ्यात मांडीवर पहिला खोकला आला. मग दुसरा. मग लागोपाठ.

आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मुलगी दारात आली. तिचा चेहरा रागावलेला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तुम्ही खूप केलंत हो," ती म्हणाली. "पण जाऊ दे आता."

बायको स्वयंपाकघराकडे वळली. नळ सोडल्याचा आवाज यायच्या आत मी उभा राहिलो.

"थांबा," मी म्हणालो. "पंचनाम्याशिवाय कुणी जायचं नाही."

आमच्या खात्यात एक साधी रीत आहे. तोल चुकतोय, पण खोटा तराजू आहे की वजन, हे कळत नसेल तर वजनाची जागा बदलायची. एका पारड्यातलं वजन दुसऱ्यात घालायचं. चूक पहिल्याच पारड्यात राहिली तर तराजू खोटा. चूक वजनाबरोबर गेली, तर वजन खोटं. याच्यापुढे कुणाची वकिली चालत नाही.

मी बाईसाहेबांना आतल्या खोलीत पाठवलं आणि स्वतः दिवाणखान्यात थांबलो. दहा मिनिटांत खोकला थांबला. "म्हणजे दिवाणखानाच," मुलगी म्हणाली. मी म्हणालो, थांब. आता मी आत गेलो आणि बाईसाहेबांना बाहेर, त्याच दिवाणखान्यात, त्याच खुर्चीवर बसवलं. दहा मिनिटं. दिवाणखान्यात खोकला नाही. मी वहीत लिहिलं : 'दिवाणखाना निर्दोष.' मग मी बाहेर आलो आणि बाईसाहेबांच्या शेजारी जाऊन बसलो.

खोकला आला.

वही माझ्या हातात होती. चूक वजनाबरोबर गेली होती, आणि वजन मी होतो. पस्तीस वर्षांत माझी ही तपासणी एकदाही चुकलेली नाही, हे मला त्या क्षणी फार जड गेलं.

"विहीणबाईंना फोन कर," मी म्हणालो. "सांग, घर चांगलं आहे. माणूस खराब निघाला."

तेव्हा बाईसाहेब खोकत खोकत माझ्याजवळ आल्या, नाक पुढे करून त्यांनी मला चहू बाजूंनी हुंगलं आणि निकाल दिला, "आजोबा, तुम्हाला बंद कपाटासारखा वास येतो. इथे." त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं.

मुलीने मफलर हातात घेतला, नाकाशी नेला आणि झटक्यात लांब धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वासाने की कशाने, याची तपासणी मी केली नाही. "बाबा, डांबरगोळ्या! किती घातल्यात?"

"दरवर्षी बारा," मी म्हणालो.

"आणि जुन्या?"

"जुन्या कशाला काढायच्या? बंदोबस्त वाढवायचा असतो, कमी करायचा नसतो."

जावयाने पलंगाखालची पेटी ओढली, उघडली आणि तसाच बाल्कनीत निघून गेला. आता मला एकेक गोष्ट आठवायला लागली : कंपाउंडरांच्या शिंका, बाजूला झालेली रांग, कारकुनाचे पाणावलेले डोळे. माझी जरब! मी बायकोकडे वळलो. "तुला इतक्या वर्षांत कधी वास आला नाही?"

"आला की. दर हिवाळ्यात येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तो तुमच्या खात्याचा आहे," बायको म्हणाली. "म्हटलं, निवृत्त झालात, आता तरी जाईल हळूहळू."

मी मफलर उचलला. पिंपात टाकावा, असं म्हणालो. मुलीने तो माझ्या हातातून काढून घेतला. "तुम्ही हा इतकी वर्षं जपलात, मला दिसत होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझं मन राखायला घालताय. इतका वेडावाकडा आहे तो."

"वेडावाकडा आहे म्हणूनच जपला," मी म्हणालो. "सरळ माप माझ्याकडे पुष्कळ होतं."

तिने मफलर पुन्हा पाहिला, त्याचं एक टोक शोधलं आणि ओढलं. ओळीमागून ओळ उसवत गेली. ती लोकर तिने तीन पाण्यांतून काढली, दोन दिवस गच्चीवर वाऱ्यात टांगली. बारावी सूचना आता मला जरा समजायला लागली होती. 'संदिग्ध' हा शेरा मी खोडला. पेटी घराबाहेर गेली, खिडक्या सुताराला पुन्हा बोलावून मिटवल्या, आणि त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ अर्धा तास उघडायला लागलो, घड्याळ लावून. सोफा आत आणायला गेलो तर सेक्रेटरी आणि कंपाउंडर त्यावर बसलेले. सेक्रेटरींनी मला नवी सूचना दाखवली : 'जिन्यातील सामायिक सोयींना कोणीही हात लावू नये.' मंडळी जमिनीवर बसून जेवली आणि बाईसाहेबांना तेच जास्त आवडलं.

खोकला पुन्हा आला नाही. मुलगी रोज दुपारी विणायला बसायची. "मफलर पुरा झाला की निघू," ती म्हणाली होती. दहा दिवस ठरले होते. मी रोज संध्याकाळी मोजपट्टी घेऊन मफलर मोजायचो आणि वहीत आकडा घालायचो. सवय आहे. सातव्या दिवशी हातभर झाला होता. आठव्या दिवशी सव्वा हात. नवव्या दिवशी मोजला, तर पुन्हा हातभर.

मी पट्टी बदलून पाहिली. माप तेच. दहाव्या दिवशी आणखी चार बोटं कमी.

अकराव्या दिवशी दुपारी मुलगी आणि जावई जरा लवंडले होते. मी बाहेरून येतो तो बायको आतल्या खोलीच्या दारात उभी राहून चौकट पुसत होती. ती चौकट मी स्वतः चार वेळा व्हिनेगरने पुसली होती. मला पाहून ती मोठ्याने म्हणाली, "अहो, आलात का?" एवढ्या मोठ्याने ती मला गेल्या तीस वर्षांत काही म्हणालेली नाही. तेवढ्यात तिच्या मागून बाईसाहेब बाहेर आल्या, दोन्ही हात पाठीमागे. मी हात पुढे करायला सांगितलं. त्यांनी एकच केला. मी दुसरा मागितला. दुसऱ्या हाताच्या बोटाला मोहरी रंगाची लोकर गुंडाळलेली होती, चांगले पंधरा-वीस वेढे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही," बाईसाहेब म्हणाल्या, आणि माझ्या नजरेला नजर देऊन उभ्या राहिल्या. यांचा हात धरणारा निरीक्षक अजून जन्माला यायचा आहे.

संध्याकाळी मुलीने मफलर माझ्यासमोर धरला. "बाबा, किती झाला बघा हो. मला का कोण जाणे, वाढतच नाहीये असं वाटतंय."

मी खिशातून मोजपट्टी काढली. बायको ओट्यापाशी हात थांबवून उभी होती. बाईसाहेब भिंतीला टेकून छताकडे बघत होत्या. मी मफलर सरळ केला, पट्टी लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली. कालच्यापेक्षा सहा बोटं कमी होता. माप कमी करणाऱ्याला काय शिक्षा असते, ते कलम मला तोंडपाठ आहे.

मी पट्टी गुंडाळून खिशात ठेवली, वही उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटा शेरा लिहिला : 'तपासले. माप बरोबर. काम सावकाश होऊ द्यावे.'